उशीर कार्यालयाचा, भुर्दंड कुटुंबाला का? अन्नसाहाय्य योजना चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अन्नसाहाय्याच्या योजना आखणारे, त्यांचे अर्ज तपासणारे आणि त्यांवर सही करणारे सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

अन्नसाहाय्याचा अर्ज केलेली कुटुंबं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा अर्ज भरून झाल्यानंतर. हातात पोचपावती असते, मोबाइलवर ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे’ असा मेसेज असतो. विचारायचं एवढंच असतं की पुढं काय? अर्ज कुठवर आला, मिळणार की नाही, मिळणार तर कधी, आणि तोवर घर कसं चालवायचं? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या दप्तरात असतात. चौथ्याचं उत्तर शोधणं मात्र कुणाच्याच कामात मोडत नाही. त्या चौथ्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: कागद तुमच्या टेबलावर अडला असेल, तर त्याचा भुर्दंड कुटुंबानं भरता कामा नये. आज जवळपास सगळीकडे कुटुंबच तो भरतं. अर्जात एखादा कागद कमी पडला, तर साहाय्य थांबतं. आणि कागद सगळे असून तपासायला माणूस नसला, तरी साहाय्य थांबतं. चूक कुणाचीही असो, थांबायचं अर्जदारानंच, हे गृहीत धरूनच सगळी व्यवस्था चालते.

‘प्रलंबित’ असा शेरा पडलेल्या फाइलीमागे घरात काय चाललेलं असतं, ते तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. मी ते रोज बघते. हातावर पोट असलेल्या घरात आधी मोठी माणसं पोटाला चिमटा काढतात, आणि त्यातही पहिली आई. ती ‘मला भूक नाही’ म्हणते आणि कुणी पुन्हा विचारत नाही. मग उधारी सुरू होते. मग औषधाची गोळी एकाआड एक दिवस घेतली जाते, भाडं पुढं ढकललं जातं, विजेचं बिल तसंच पडून राहतं. यातली कुठलीच गोष्ट अर्जात लिहायला जागा नसते. म्हणून ती फाइलीत दिसत नाही, आणि फाइलीत दिसत नाही म्हणून तुमच्या बैठकीत येत नाही.

‘उशिरा का होईना, मागच्या तारखेपासूनचं सगळं मिळालं ना? मग तक्रार कसली?’ असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही सविस्तर द्यायला हवं. थकलेली रक्कम एकदम जमा झाली की कार्यालयाचा हिशेब जुळतो. घराचा जुळत नाही. दोन महिन्यांपूर्वी न जेवलेलं जेवण आज जेवता येत नाही. मधल्या काळात घेतलेल्या उसनवारीवरचं व्याज तुमच्या रकमेत धरलेलं नसतं. आणि घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल, तर गोष्ट आणखी गंभीर होते. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे साधारण एक हजार दिवस वाढीच्या दृष्टीनं सगळ्यांत नाजूक असतात, हे पोषणाचं काम करणारा प्रत्येक जण सांगतो. तुमच्या तिमाही अहवालात जो ‘थोडा विलंब’ असतो, तो त्या हजार दिवसांतून वजा होतो. ते दिवस थकबाकी म्हणून परत करता येत नाहीत.

असा विलंब होऊ नये म्हणून कायदे करणाऱ्यांनी विचार केलेलाच नाही, असं नाही. अमेरिकेच्या स्नॅप योजनेत, म्हणजे गरीब घरांना अन्न विकत घ्यायला मदत देणाऱ्या तिथल्या सरकारी योजनेत, अर्जावर तीस दिवसांच्या आत निकाल द्यावा लागतो, आणि ज्या घरात जवळपास काहीच पैसा नाही अशा घरापर्यंत सात दिवसांत साहाय्य पोचवावं लागतं. भारताच्या २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातलं आठवं कलम तर माझ्या मते या सगळ्यांतलं सर्वांत सुज्ञ कलम आहे: हक्काचं धान्य किंवा जेवण दिलं गेलं नाही, तर राज्य सरकारनं त्या व्यक्तीला अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. म्हणजे न पोचवण्याचा भार न पोचवणाऱ्यावर. पण हे कलम ज्याचं नाव यादीत आहे त्याच्यासाठी. ज्याचा अर्जच छाननीत अडकला आहे, त्याला ते लागू होत नाही. शिवाय हक्काचं मिळालं नाही म्हणून भत्ता मागायचा असतो, हे किती घरांना कुणी सांगितलंय? माझ्या अनुभवात, फारच थोड्या. आणि दुसऱ्या टोकाला ब्रिटनची युनिव्हर्सल क्रेडिट योजना. ती घरखर्चाचं साहाय्य आहे, पण तिकडच्या गरीब घरांचं जेवणही त्यातूनच चालतं. तिथं पहिली रक्कम हाती यायला साधारण पाच आठवडे लागतात, कारण योजनेची रचनाच तशी आहे. मधल्या काळासाठी आगाऊ रक्कम मागता येते, पण ती कर्ज म्हणून मिळते आणि पुढच्या महिन्यांतून कापून घेतली जाते. थांबायचं कुटुंबानं, आणि थांबल्याबद्दलची परतफेडही कुटुंबानंच करायची.

आता तुमच्या पत्रांविषयी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझा बहुतेक वेळ ती पत्रं वाचून दाखवण्यात जातो.

एक पत्र माझ्यासमोर आहे. नाव-पत्ता बाजूला ठेवून मजकूर सांगते. वर संदर्भ क्रमांक, त्याखाली कलम, पोटकलम, परिपत्रक. मग एक लांबलचक वाक्य, त्याचा अर्थ असा की आपण सादर केलेली माहिती व कागदपत्रं अपुरी असल्यानं आपला अर्ज विचारात घेता येत नाही. विहित मुदतीत पूर्तता न केल्यास तो निकाली काढण्यात येईल. कोणता कागद अपुरा? लिहिलेलं नाही. विहित मुदत किती? ‘या पत्राच्या दिनांकापासून दहा दिवस.’ पत्रावरची तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत चार दिवसांचं अंतर. पत्र घरी पोचलं तेव्हा दहातले जेमतेम तीन दिवस उरले होते, आणि त्यातले दोन सुट्टीचे. कुणाकडे विचारायचं? खाली सही आहे, वाचता येत नाही. दूरध्वनी क्रमांक आहे, तो मुख्यालयाचा.

हे पत्र घेऊन आलेली बाई चांगली शिकलेली होती. तिनं ते घरी अनेकदा वाचलं होतं. तरी तिला वाटत होतं की आपण काहीतरी लपवलं असा आपल्यावर आरोप आहे. प्रत्यक्षात काय हवं होतं? नवऱ्याची नोकरी सुटल्याचा दाखला. तो जुन्या मालकाकडून आणायचा, आणि तो मालक फोन उचलत नव्हता. ‘आपल्या पतीची नोकरी कोणत्या तारखेला संपली याचा पुरावा हवा आहे; मालकाचं पत्र मिळत नसेल तर शेवटची पगारपावती किंवा बँकेचा उतारा चालेल’ एवढं लिहिलं असतं, तर काम त्याच संध्याकाळी झालं असतं. दोन ओळींचा प्रश्न होता. त्या दोन ओळी न लिहिल्यामुळे एक अर्ज निकाली निघाला, दुसरा नव्यानं भरावा लागला, आणि तुमच्याच कार्यालयाचं काम दुप्पट झालं.

फोनचंही तसंच. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलच्या स्पीकरवर वाजत राहतं आणि बाई एकीकडे धाकट्याला तयार करत असते. तिला कामावर निघायचं असतं. कार्यालयाची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच. वाट बघता बघता फोन कटतो, आणि पुन्हा केला की रांग पहिल्यापासून. एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी. अन्नाचं साहाय्य मागण्यासाठी कमाई बुडवावी लागते, याचा विचार वेळापत्रक ठरवताना कुणी केला असेल असं वाटत नाही.

कुटुंबांचे प्रश्न काही अवघड नसतात, फक्त ते नमुन्यातल्या चौकटींत बसत नाहीत. या महिन्यात कामाचे तास जास्त मिळाले, पुढच्या महिन्यात नाही मिळणार. मग उत्पन्न कुठलं लिहायचं? सासू आमच्याकडे राहायला आली, पण तिचं नाव दीराच्या घरी आहे. आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो, कोर्टाचा कागद अजून व्हायचाय. मुलं कुणाच्या अर्जात दाखवायची? बाळ झालंय, जन्मदाखला यायचाय. तोवर त्याला घरात धरायचं की नाही? हे सगळं माणसांच्या आयुष्यात रोज घडणारं आहे. पण एकाच प्रश्नाला एका खिडकीवर एक उत्तर मिळतं आणि शेजारच्या खिडकीवर दुसरं. मग लोक शेजाऱ्याला विचारतात, नात्यातल्या कुणाला तरी विचारतात, मध्यस्थाला पैसे देऊन विचारतात. चुकीचं उत्तर ऐकून चुकीचा रकाना भरला जातो, आणि पडताळणीत तोच रकाना ‘खोटी माहिती’ ठरतो. तुमचं एक अधिकृत, लेखी, सगळ्या खिडक्यांवर सारखं असणारं उत्तर मिळालं, तर या मध्यस्थांचा धंदा आपोआप बसेल.

नूतनीकरणाची गोष्ट याहून क्लेशाची. ज्या घराची पात्रता एकदा नीट तपासून झाली आहे, ज्याच्या परिस्थितीत काहीही फरक पडलेला नाही, ते घर एका हुकलेल्या फॉर्ममुळे यादीतून बाहेर फेकलं जातं आणि महिना-दोन महिन्यांनी तेच घर, तेच कागद घेऊन, नवा अर्ज करून पुन्हा आत येतं. मधले महिने कुठं गेले, याची नोंद कुठंच होत नाही. कागदोपत्री ते ‘लाभ सोडलेलं’ कुटुंब असतं.

याच मुद्द्यावर १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कमधल्या सरकारी मदत घेणाऱ्या रहिवाशांच्या खटल्यात, ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या निकालात, एक साधी गोष्ट मान्य केली. मदत आधी बंद करायची आणि नंतर म्हणणं ऐकून घ्यायचं, हे चालणार नाही. आधी ऐका, मग ठरवा. कारण मदत थांबलेल्या माणसाची सगळी शक्ती दिवस काढण्यातच खर्ची पडते. त्यानं सरकारी यंत्रणेशी भांडायचं कधी? पन्नासहून अधिक वर्षं झाली या विचाराला. स्नॅपच्या नियमांतही त्याची खूण आहे: साहाय्य कमी किंवा बंद करण्याची नोटीस आल्यावर ठरल्या मुदतीत सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत साहाय्य साधारणपणे पूर्वीसारखं चालू राहतं, फक्त अपील हरलं तर तेवढं परत करावं लागतं. ही तरतूद कागदावर चांगली आहे. पण ‘ठरल्या मुदतीत’ म्हणजे कोणत्या तारखेच्या आत, हे नोटिशीत मोठ्या अक्षरांत छापलेलं हवं. तळटीपेत असलेला हक्क भुकेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि कधी कधी एकेक फाइल अडण्याऐवजी सगळी योजनाच अडते. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेचं संघराज्य सरकार अर्थसंकल्पाच्या वादात बंद पडलं, आणि स्नॅपवर अवलंबून असलेल्या सुमारे सव्वाचार कोटी माणसांचं नोव्हेंबरचं साहाय्य लटकलं. न्यायालयांत सुनावण्या झाल्या, आदेश निघाले, आदेशांना स्थगिती आली. त्या दिवसांत काही राज्यांत पूर्ण रक्कम जमा झाली, काही ठिकाणी अर्धवट, काही ठिकाणी काहीच नाही. त्यांतल्या एकाही कुटुंबाचा कागद अपुरा नव्हता, एकाचीही पडताळणी बाकी नव्हती. तरी थांबली ती कुटुंबंच. ज्यांच्यामुळे निधी अडला, त्यांच्या जेवणाची वेळ चुकली नाही. सरकार बंद पडलं तरी ज्या थोड्या गोष्टी बंद पडू द्यायच्या नाहीत, त्यांत अन्नसाहाय्य आपोआप धरलं गेलं पाहिजे. त्यासाठी दर वेळी कुणाला तरी न्यायालयाचं दार ठोठावावं लागू नये.

यंत्रांबद्दल फार लिहीत नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत, सर्व्हर चालत नाही, ओटीपी जुन्या नंबरवर जातो. हे तुम्हालाही माहीत आहे. भारताच्या केंद्र सरकारनं २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यांना स्पष्ट कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसे जुळत नाहीत एवढ्यावरून धान्य नाकारू नका. तसंच प्रत्येक योजनेत हवं: यंत्र चाललं नाही तर पर्यायी मार्ग कोणता, हे तिथल्या भिंतीवर लिहिलेलं असावं, आणि तो मार्ग वापरण्याचा अधिकार तिथं बसलेल्या माणसाला असावा. वरिष्ठांना फोन करून परवानगी घेण्याइतका वेळ रांगेतल्या माणसाकडे नसतो.

वसुलीच्या नोटिशींबद्दल मात्र लिहायलाच हवं. कार्यालयाच्या चुकीनं कधी जास्त साहाय्य दिलं जातं, आणि वर्षा-दोन वर्षांनी ते परत मागितलं जातं, किंवा पुढच्या महिन्यांतून कापलं जातं. घरानं ते केव्हाच खाऊन संपवलेलं असतं, आणि आपण जास्त घेतोय हे त्यांना कळण्याचा काही मार्गही नव्हता. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकारात सरकारी संगणकानं वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून सामाजिक साहाय्य घेणाऱ्या असंख्य लोकांवर चुकीची कर्जं लादली, आणि ती चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. २०२३ मध्ये तिथल्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं, त्या योजनेवर अत्यंत कठोर अहवाल दिला. ते पैशाच्या साहाय्याबद्दल होतं, पण वृत्ती ओळखीची आहे: आमचा आकडा बरोबर, तुम्ही खोटे, नसाल तर दाखवा.

यावर तुमच्याकडून दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, मनुष्यबळ कमी आहे. हे खरं आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एकेका टेबलावर फाइलींचे ढीग आणि त्यामागे दुपारचा डबाही न उघडलेला कर्मचारी. त्या माणसावर माझा राग नाही. उलट ज्यांनी वेळ संपल्यावरही थांबून कुणाचा अर्ज मार्गी लावला, अशा कर्मचाऱ्यांमुळेच बऱ्याच घरांत चूल पेटली आहे. पण जागा भरायच्या की नाहीत, हे त्या कर्मचाऱ्याच्या हातात नसतं आणि अर्जदाराच्या तर नसतंच. ते तुमच्यातल्या वरच्या खुर्च्यांच्या हातात असतं. म्हणूनच कमी मनुष्यबळाचा फटका त्या खुर्च्यांच्या अंदाजपत्रकाला बसला पाहिजे. मुदत उलटली की अर्जदाराला तात्पुरतं साहाय्य आपोआप सुरू व्हावं, असा नियम केलात, तर रिकाम्या जागा किती लवकर भरल्या जातात ते बघा.

दुसरं उत्तर, गैरफायदा घेणारे असतात. असतील. त्यांना शोधा, त्यासाठी स्वतंत्र माणसं नेमा. पण सरकारच्याच एका खात्याकडे पगाराची नोंद आहे, दुसऱ्याकडे जन्माची, तिसऱ्याकडे पत्त्याची, आणि तरी तिन्ही दाखले एका आईनं तीन ठिकाणी हेलपाटे घालून आणायचे, यानं गैरप्रकार थांबत नाहीत. थांबतात ती फक्त ज्यांना हेलपाटे परवडत नाहीत अशी घरं. जो खरोखर फसवायला निघालाय, त्याचे कागद सहसा सगळ्यांत पूर्ण असतात.

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, पंचविसाव्या कलमात, पुरेशा राहणीमानात काय काय येतं ते सांगताना अन्नाचं नाव आधी आलं आहे, मग वस्त्र, निवारा, औषधोपचार. तुमच्या दारात अर्ज घेऊन उभं असलेलं कुटुंब मेहरबानी मागायला आलेलं नाही. खिडकीवरच्या आवाजात आणि पत्रातल्या भाषेत हे उतरलं, तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

नव्या कायद्याची वाट न बघता ज्या गोष्टी तुमच्या अधिकारात आजच आहेत, त्यांपासून सुरुवात करा. मुदत उलटून गेलेल्या प्रत्येक अर्जदाराला या आठवड्यात एक पत्र जाऊ द्या. त्यात अर्ज कुणाकडे आहे, नेमकं काय बाकी आहे, निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि तोवर कोणतं तात्पुरतं साहाय्य कुठं मिळेल, एवढं साध्या भाषेत असावं. खाली वाचता येईल असं नाव आणि उचलला जाईल असा नंबर असावा. उत्तराची मुदत पत्र हाती पडल्यापासून मोजावी. आणि ज्यांचं साहाय्य केवळ नूतनीकरणाचा फॉर्म वेळेत न पोचल्यानं बंद झालंय, त्यांचं आधी सुरू करावं, कागद नंतर मागावेत.

पत्राचा मसुदा करायला मदत हवी असेल, तर मी आणि माझ्यासारखे अर्ज भरून देणारे अनेक जण कुठल्याही दिवशी यायला तयार आहोत. कोणत्या वाक्यावर लोक अडतात, हे आम्हाला पाठ आहे.

आपली,
अर्जदार कुटुंबांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती